सात ओळींचा मराठी अर्थ

अम्मा,

तुम्ही गेल्यावरची तिसऱ्या दिवसाची जियारत, कबरीवरची दुआ, काल झाली. तुमच्या माहेरची विजापूरची माणसं आज सकाळच्या गाडीनं परत गेली. तुमचा लेक दुपारच्या पाळीला गिरणीत गेला. घरात मी एकटी आहे आणि करायला काही काम नाही. आठ महिन्यांत असं झालं नव्हतं. भांडी घासली, तुमची गोधडी उन्हात टाकली, आणि हात मोकळे राहिले तेव्हा कळलं की आपण किती दमलो आहोत. पाठ टेकते, पण झोप येत नाही. दर थोड्या वेळानं वाटतं, तुम्हाला कुशीवर वळवायचं राहिलं.

म्हणून लिहायला बसले. मराठीत, बालबोध अक्षरात. ही अक्षरं तुम्हाला वाचता येत नव्हती आणि घरात दिसलेली आवडतही नव्हती. पण मला दुसऱ्या कुठल्या लिपीत असं भराभर लिहिता येत नाही. त्याला कारण तुम्हाला ठाऊक आहे. नातेपुत्याच्या शाळेत मी चौथीपर्यंत गेले ती मराठीच शिकले. घरात मराठी, बाजारात मराठी. बाबा बांगड्यांची चळत खांद्यावर घेऊन गावोगाव हिंडायचे आणि माणदेशातल्या बायकांशी त्यांच्या बोलीत बोलायचे. तीच बोली घेऊन मी सोळाव्या वर्षी सून होऊन तुमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात आले.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला समोर बसवलंत. "दुल्हन, पढ के बता." मी कलमा म्हटला, बाबांनी शिकवला होता तसा. तुम्ही मान खाली घालून ऐकलात. मग म्हणालात, "मूं में कंकर हैं क्या गे?" आणि मागं बसलेल्या बायकांना सांगितलंत, "नव्वे मुसलमान हैं, क्या करते."

आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं आम्ही नवे की जुने. बाबांना एकदा विचारलं होतं, आपण मुसलमान कधी झालो? ते म्हणाले, "पणज्याच्या पणज्याला म्हनं एका फकिरानं आपल्या ताटात जेवाया बसवला. लई दुष्काळ हुता. त्याच्या आदी आपल्याला कुनी ताटात बसवलं न्हवतं. एवडंच मला ठाव हाय." तुमच्या घरची हकीकत याहून फार मोठी होती. तुमचे पूर्वज एका अवलियाबरोबर अरबस्तानातून जहाजानं आले, कोकणच्या बंदरात उतरले, घाट चढून विजापूरला आले. ती तुम्ही सांगायला लागलात की ओट्यावर तुमच्याकडं शिकायला येणाऱ्या पोरी हलायच्या नाहीत. मला त्या जहाजाचा हेवा वाटायचा.

पण मला टोमणा मारून तुम्ही थांबला नाहीत. सोडून दिलं नाहीत. रोज सकाळी गल्लीतल्या वीस-पंचवीस पोरी 'उस्तानी' म्हणत तुमच्या ओट्यावर शिकायला यायच्या, सहा-सात वर्षांच्या, डोक्यावर ओढणी, हातात सिपारा, कुराणाचा एक भाग. तुम्ही मला त्यांच्या ओळीत बसवलंत. मी लग्न झालेली बाई, आणि माझ्या शेजारी दुधाचे दात पडलेली पोर अलिफ, बे म्हणतेय. पहिले दोन महिने मी मान वर केली नाही. तुम्ही जीभ कुठं टेकवायची, श्वास कुठं तोडायचा, घशातून कुठलं अक्षर काढायचं ते दाखवायच्या. चुकलं की परत. शंभर वेळा चुकलं तर शंभर वेळा परत, आवाज न चढवता. कुणाकडून एक पैसा घेतला नाहीत. "कलाम बेचते क्या गे?" असं म्हणायच्या. तिसऱ्या वर्षी मी कुराण शरीफ पुरं केलं तेव्हा तुम्ही मलिदा केलात, गल्लीत वाटलात, आणि माझ्या तोंडात पहिला घास घातलात. नावानं हाक मात्र तेव्हाही मारली नाहीत. दुल्हन ती दुल्हनच.

पुरं झालं, आणि मला अर्थ हवासा वाटू लागला.

एवढीच माझी चूक. मी विचारलं, "अम्मा, याचा अर्थ काय?" तुम्ही म्हणालात, "सवाब पढने में है." पुण्य म्हणण्यात आहे. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणालात, "वो मौलवियां का काम." तिसऱ्यांदा विचारलं नाही. मामूंना विचारलं.

मामू तुमचे धाकटे भाऊ, उर्दू शाळेतले मास्तर. शुक्रवारी नमाजानंतर जेवायला यायचे आणि पडद्यापलीकडे बसून पान लावायचे. मी अलीकडून विचारायची आणि ते सांगायचे. तुम्ही तेव्हा आतल्या खोलीत वामकुक्षी घेत असायच्या. त्यांनी मला हिराच्या गुहेची गोष्ट सांगितली. मक्केच्या व्यापारी लोकांच्या गजबजाटातून उठून पैगंबरसाहेब डोंगरावर जाऊन एकटे बसायचे. एक दिवस फरिश्ता आला आणि म्हणाला, वाच. ते म्हणाले, मला वाचता येत नाही. त्यानं छातीशी आवळलं, पुन्हा म्हणाला, वाच. तीनदा. मग ते थरथरत घरी आले, आणि बायकोला म्हणाले, मला पांघरूण घाल. खदीजाबीबींनी पांघरूण घातलं. घाबरल्या नाहीत, हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही गोतावळा सांभाळता, दुबळ्यांचं ओझं उचलता, पाहुण्याला जेवू घालता, तुमच्यासारख्याला अल्ला वाऱ्यावर सोडणार नाही. मामू म्हणाले, सगळ्या दुनियेत सगळ्यांत आधी विश्वास ठेवला तो एका बाईनं. आणि ती त्या दिवशी नवीच होती.

मला ते इतकं आवडलं की मी विसरेन म्हणून लिहून ठेवलं. मराठीतच. तिथून वही सुरू झाली. दर शुक्रवारी थोडं. कुराणातल्या पहिल्या सूरेचा, सात ओळींच्या त्या अध्यायाचा अर्थ, छोट्या छोट्या सूरांचा अर्थ, जकात कुणाला द्यायची, रोजा कशासाठी, हबशी गुलाम असलेल्या बिलालना पहिली बांग द्यायचा मान कसा मिळाला. शंभर पानी वही भरत आली.

मामूंनी आणखी एक सांगितलं होतं, अम्मा. ते मी वहीत लिहिलं नाही. ते म्हणाले, जहाजाचं मला काही माहीत नाही, बेटी. आमचे आजोबा विजापूरजवळच्या खेड्यात कापूस पिंजायचे. आमच्या आजीला कानडीखेरीज काही येत नव्हतं. नमाज पढून झाला की हात वर करून दुआ मागायची ती कानडीत. आपाला, तुझ्या सासूला, हे सगळं आठवतं, पण बोलायची नाही.

वही भरत आली त्या उन्हाळ्यात शहरात मार्शल लॉचं लष्कर होतं. गोरे शिपाई गल्लीच्या तोंडाशी उभे असायचे, संध्याकाळी दारं लावून घ्यायचा हुकूम होता. ओट्यावर पोरी येईनात. तुम्हाला रिकामं बसवेना म्हणून तुम्ही घर आवरायला काढलंत, आणि माझ्या पेटीतल्या साड्यांखाली तुम्हाला वही सापडली. अक्षर वाचता आलं नाही, पण मधे मधे मी अरबी ओळी काढल्या होत्या, त्या वाचता आल्या. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. रागावलेल्यापेक्षा भ्यालेला जास्त होता.

"ये कायकू लिखी? किसकू पूछ के लिखी?"

"मला समजावं म्हणून."

"अल्ला का कलाम इस लिखावट में? ओठां पे कुछ, दिल में कुछ, लिखे सो कुछ. एक हरफ इधर का उधर हुआ तो गुना किसपे गे?"

"समजल्याशिवाय म्हणण्यात गुन्हा नाही का?" मी उलट बोलले. दहा वर्षांत पहिल्यांदा. "नव्यानं आलेल्या माणसाला विचारायचं असतं, अम्मा. तुम्ही जुने. तुम्हाला विचारावं लागत नसेल."

तेव्हा माझ्या जिभेवर तुमची कानडी आजी आली होती. खरंच आली होती. मी ओठ दाबून धरले. का, ते आजही सांगता येत नाही. भीती नव्हती. तुम्ही माझी वही दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, एवढंच मी बघितलं.

हुकूम उठल्यावर तुम्ही बुरखा घातलात आणि वही घेऊन कंबर तलावावर गेलात. जाळणं पाप, फेकणं पाप, म्हणून पाण्यात थंडी केलीत. जुनी फाटकी पानं करतात तशी, बिस्मिल्ला म्हणून. घरी येऊन मला तेवढंच सांगितलंत, "अदब से छोडी." मी पुढं वर्षभर कामापलीकडे बोलले नाही. मीठ संपलं, पाणी आलं, दार लावा. दोघी एकाच चुलीपुढं बसायचो.

त्याच वर्षात तुमची चुलत नणंद आली. माझ्या लग्नाला दहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिच्याजवळ मुलगी तयार होती. मी आत पीठ मळत होते. ती म्हणाली, शरियतमध्ये चार आहेत, दुसरं करायला काय हरकत? मी हात थांबवला. मला वाटलं, आता तुम्ही हो म्हणाल. मी तुमच्याशी बोलत नव्हते, मग तुम्ही माझ्यासाठी कशाला बोलाल?

तुम्ही म्हणालात, "इजाजत है, हुकुम नई है. और इन्साफ की शरत है. मेरा बेटा दो लुगडे एक सरीके ला सकता नई, दो औरतां में इन्साफ क्या करेगा?"

ती हसली. तुम्ही हसला नाहीत. "चाय पी के जा," एवढंच म्हणालात. पुन्हा तो विषय या घरात निघाला नाही. गल्लीतल्या बायका मला बोलल्या, माझी सख्खी मावशी बोलली. तुम्ही तेरा वर्षांत एकदाही नाही. त्या दिवशी मी बाहेर येऊन तुमच्या पायाशी बसायला हवं होतं. मी पीठ मळत राहिले. वहीचा राग अजून होता, आणि राग धरून बसलेलं माणूस उपकारसुद्धा गुपचूप घेतं.

मग यंदाच्या रमजाननंतर तुमचं अर्धं अंग गेलं. वैद्य, हकीम, सरकारी डॉक्टर सगळे झाले. रमजानमध्ये तुम्ही या वयात तीस रोजे धरले होते, सगळ्यांनी नको म्हणूनही. जीभ वाचली, डावी बाजू वाचली, पण उठून बसणं संपलं. तुमचा लेक भला माणूस, पण बारा तास मागाजवळ उभा राहून आलेल्या माणसाला काय सांगणार? सगळं माझ्याकडं आलं. उचलणं, पुसणं, भरवणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वळवणं. पोरी सकाळी यायच्या. तुम्ही पडल्या पडल्या त्यांचं ऐकायच्या आणि चुका सांगायच्या, मी दोन्हीकडं बघायची. मामू यंदा पावसाळ्यात गेले, तेही तुम्हाला चार दिवसांनी सांगितलं.

मामूंच्या जाण्यानंतरचीच गोष्ट. दुपार होती. मी तुमचं अंथरूण बदलून, धुणं पिळून, भिंतीला टेकून बसले होते. तुम्ही छताकडं बघत म्हणालात, "दुल्हन, वो पैली सूरा का मानी तेरे कू आता ना?"

मी ऐकलं. मला नीट ऐकू आलं. आणि मी म्हणाले, "वही तलावात आहे, अम्मा. तिथं विचारा."

तुम्ही तोंड भिंतीकडं केलंत. तेवढं तुम्हाला एकटीला करता यायचं.

अम्मा, हे मी कुणाजवळ बोललेले नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मी असं बोलले, आणि बोलल्यावर मला बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत बरं वाटत राहिलं.

चार दिवसांनी तुम्हाला ताप चढला. कपाळावर पट्ट्या ठेवत मी बसले होते आणि तुम्ही कुणाला तरी हाका मारत होता. "अव्वा," म्हणत होता. "अव्वा, बा." अम्मी नाही, अम्माजान नाही. अक्कलकोट रोडच्या बाजारात कानडी बायकांची पोरं आईला 'ये' म्हणून मारतात तशी हाक. मी पट्टी धरून तशीच बसले. तुमची ती आजी, तुमची आई, कापूस पिंजणारं घर, सगळं तुमच्या पोटात होतं आणि तुम्ही साठ वर्षं त्यावर जहाज उभं करून ठेवलं होतंत. माझा राग गेला असं म्हणणार नाही. दमलेल्या माणसाला राग धरवत नाही, तसा तो हातातून पडला.

ताप उतरल्यावर मी आपणहून बसले. तुमच्या कानाशी तोंड नेऊन सात ओळी मराठीत सांगितल्या. सगळ्या जगांना पोसणारा तो, स्तुती त्याचीच. दया करणारा, दयाळू तो. निवाड्याच्या दिवसाचा धनी तो. मग पुढं, आम्ही तुझ्यापुढंच वाकतो, तुझ्याकडंच मदत मागतो. सरळ वाट दाखव. ज्यांच्यावर तुझी मर्जी झाली त्यांची वाट, चुकलेल्यांची नको.

तुम्ही मान माझ्याकडं वळवलीत. मग म्हणालात, "रस्ता मांग रई थी मैं?"

"हो."

"मैं समझी खाली तारीफ है. पचास बरस." मग, "हर नमाज में मांगी?"

"हर नमाजात. कितीदा तरी."

तुमच्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं. मी पुसलं. मी विचारलं, मामू होते, जन्मभर शेजारी होते, त्यांना का नाही विचारलंत? तुम्ही म्हणालात, "उस्तानी कैसे पूछेगी गे? छोटे भाई कू?"

मग रोज थोडं सुरू झालं. मी आठवून सांगायची, तुम्ही अडवायच्या. एका शब्दावर तर आपण तीन दिवस भांडलो. रहमत. मी दया म्हणाले. तुम्ही म्हणालात नक्को, दया भिकाऱ्यावर करतात, वरून टाकतात. मामू म्हणाले होते की अरबीत तो शब्द आईच्या उदराच्या शब्दाचा सख्खा आहे, हे मी सांगितलं. तुम्ही विचारलंत, "तेरे अब्बा जाते वखत तेरे सर पे हाथ फेरते, उसकू क्या बोलते तुम?"

"माया."

"वोइच लिख."

मी म्हटलं, अम्मा, आपल्या शेजारीपाजारी कीर्तनात माया म्हणजे खोटं, भुलवणारं. लोकांना भलतंच कळेल. तुम्ही म्हणालात, भलतं कळणाऱ्याला सगळंच भलतं कळतं. तो वाद तसाच राहिला. मला अजूनही वाटतं माझं बरोबर होतं.

पण तुम्ही 'लिख' म्हणाला होता. मी ऐकलं होतं. उद्या नवी वही आणते म्हटलं. उद्या करता करता तीन आठवडे गेले, कारण रात्र झाली की मला लेखणी उचलवत नव्हती. वही आणली नाही.

आणि मंगळवारी तुम्ही गेलात.

गुसल, शेवटची आंघोळ, मीच घातली. विजापूरच्या बायका पोचायच्या होत्या, गल्लीतल्या म्हणाल्या, जाणत्या कुणाला तरी बोलवू. मी नको म्हटलं. आठ महिने धूत होते, आता दुसऱ्या कुणाच्या हातात कशाला? उजव्या बाजूनं सुरू केलं, तुम्हीच शिकवलं होतंत तसं. बोरीच्या पाल्याचं पाणी, मग कापूर. तुम्ही फार हलक्या झाला होता. कफनाची गाठ बांधून झाली. पुरुषांनी जनाजा उचलला, आणि आम्ही बायका दाराशी उभ्या राहिलो. तुमची कबर कुठं आहे ते मला तुमच्या लेकानं फक्त दिशेनं दाखवलं आहे.

तेव्हापासून सगळे मला एकच विचारताहेत. "आखरी वखत कलमा नसीब हुआ ना?" ज्यांना तुम्ही शिकवलंत त्या आता पोरंबाळं असलेल्या बाया, विजापूरचे, मशिदीतल्या पेशइमामसाहेबांच्या घरचे. मी हो म्हणाले. सगळ्यांना. म्हणाले, स्पष्ट म्हटला, मी कानाशी म्हणत होते, त्यांनी माझ्याबरोबर म्हटला. त्या "सुभानअल्ला" म्हणाल्या आणि त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. तुमच्या लेकालाही तेच सांगितलं. तो गिरणीतून धावत आला होता, अंगावर कापसाचे तंतू होते. "शुकर है," म्हणाला, आणि भिंतीला डोकं टेकून रडला.

मी खोटं बोलले, अम्मा. मी तिथं नव्हतेच.

सकाळचे नऊ वाजले असतील. मी तुमच्या उशाशी बसून तुमचे केस विंचरत होते. तुमचा श्वास रोजच्यासारखाच होता, मला काही वेगळं कळलं नाही. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "दूद उबल रा. देख गे."

मी फणी खाली ठेवली आणि उठले. आत चुलीवर दूध खरंच काठाला आलं होतं. मी फडकं शोधलं, सापडलं नाही, पदरानं धरून पातेलं उतरवलं. थोडं सांडलं, ते पुसलं. परत आले तर तुमचा श्वास थांबला होता. किती वेळ लागला असेल? एक सूरा म्हणायला लागतो तेवढा. त्यात तुम्ही काय म्हणालात, म्हणालात की नाही, कुठल्या भाषेत म्हणालात, ते तुम्हाला ठाऊक आणि त्याला. मला कुणीही विचारलं तरी मी हो म्हणणार. त्याचा गुन्हा माझ्यावर असू द्या.

पण पातेलं खाली ठेवल्यावर मी तिथूनच मोठ्यानं सांगितलं होतं, "उतरवलं हो, अम्मा." ते तुम्हाला ऐकू गेलं का?